वऱ्हाडातलं ऊन, खारं पाणी आणि १८०३ची फौज: मिनिएचर रंगवणाऱ्याला उत्तर

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: "बहुतेक माझ्या हातातच कला नाही." आधी तेच खोडून टाकतो, कारण तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी एकीचाही तुमच्या हाताशी संबंध नाही.

तुम्ही संग्रामपूर तालुक्यात राहता. टेबलावर लढाईचा खेळ खेळण्यासाठी २८ मिलिमीटरचे चाळीस मिनिएचर, म्हणजे चिमुकले सैनिक-पुतळे मागवलेत, निम्मे धातूचे आणि निम्मे प्लास्टिकचे. त्यांतून १८०३ सालची मराठा फौज उभी करायची आहे. मे महिन्यात गच्चीवर स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला, तर पुतळे पॉलिश पेपरसारखे खरखरीत झाले. रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. काळपट वॉश, म्हणजे खाचांत सावलीसाठी सोडायचा पातळ रंग, दिला की सुकल्यावर खाचांमध्ये पांढुरकं काहीतरी उरतं. ऑगस्टमध्ये मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश मारलं, तर बारा सैनिकांवर दुधावर साय यावी तसा थर आला. आता विचारताय की पुण्याला बदली होईपर्यंत थांबावं का, आणि समोर खेळायला माणूसच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी.

थांबू नका. मी दर्यापूर तालुक्यात राहतो, हायस्कूलला चित्रकला शिकवतो आणि अठरा वर्षांपासून हे सैनिक रंगवतो. त्याआधी लहानपणी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायचो. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि डोळा काढताना श्वास रोखून धरायचा. ब्रश कसा धरायचा ते तिथंच शिकलो. पण मिनिएचर हाती घेतल्यावर पहिली दोन वर्षं माझंही हेच सगळं बिघडलं. या छंदातला जवळजवळ सगळा सल्ला थंड देशांतल्या लोकांनी दिलेला आहे. त्यांच्या खोलीत वीस अंश तापमान असतं आणि नळाला गोडं पाणी येतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, जुलैत भिंतींना ओल येते, आणि तुमचं-माझं गाव खारपाणपट्ट्यात आहे. सल्ला चुकीचा नाही, तो आपल्या हवेसाठी दिलेला नाही एवढंच.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याकडे कोणीच लक्ष देत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी किती खारट असतं हे तुम्हाला सांगायला नको. त्याच पाण्यात तुम्ही रंग पातळ करता, वॉश पातळ करता, ब्रश धुता. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. वॉश खोलगट जागेत जाऊन साचतो, म्हणून क्षारही तिथंच गोळा होतात. काळ्या-तपकिरी वॉशवर ते पांढरे उठून दिसतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या कपड्यावर हेच होत असतं, फक्त दिसत नाही. उपाय सोपा आहे. तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडे इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्याचा एक कॅन आणा. रंगात मिसळायला फक्त तेच वापरा. ब्रश खळबळायला साधं पाणी चालेल, पण शेवटची एक बुडी डिस्टिल्डमध्ये द्या. मी पावसाळ्यात आणखी एक करतो. तास-दीड तास चांगला पाऊस पडून पत्रे धुतले गेले की स्वच्छ पातेलं उघड्यावर ठेवतो. दोन बाटल्या भरल्या की दिवाळीपर्यंत चिंता नाही.

आता स्प्रे. प्रायमरचे बारीक थेंब पुतळ्यापर्यंत ओले पोचले तर पसरतात आणि सपाट बसतात. भर उन्हात ते हवेतच अर्धे सुकतात, मग पुतळ्यावर पोचतो तो रंग नसून रंगाची पूड असते. तीच तुमची खरखर. एप्रिल ते जूनमध्ये स्प्रे मारायचा असेल तर सकाळी सूर्य वर यायच्या आधी, सावलीत, आणि नेहमीपेक्षा जरा जवळून मारा. माझ्या अनुभवात वीतभर अंतर ठीक. हात सतत फिरता ठेवायचा, पातळ थर द्यायचा, दोन थरांमध्ये थोडं थांबायचं. वारा सुटला असेल तर त्या दिवशी नाही. आणि तो डबा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. अशा डब्यांवर पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नये असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली पन्नास अंश व्हायला वेळ लागत नाही. घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवा.

खरं सांगायचं तर मी आता स्प्रे वर्षातून दोनदाच मारतो, ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारीत. एरवी ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो. वेळ जास्त लागतो, पण हवामानाची मर्जी सांभाळावी लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: आपल्याकडे कापूस घरात येऊन पडतो त्या दिवसांत हवा छान असते, पण तंतू उडत असतात. ओल्या प्रायमरवर एक तंतू बसला की तो भाल्याएवढा दिसतो. ज्या खोलीत कापूस भरलाय त्या खोलीत रंगाची डबी उघडू नका, आणि प्रायमर मारलेले पुतळे लगेच टोपलीखाली झाका.

रंग ब्रशवर सुकतो त्याला वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, हाच इलाज. विकत घ्यायची गरज नाही. मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला जुन्या सुती धोतराच्या चार घड्या किंवा पातळ स्पंज, तो डिस्टिल्ड पाण्याने ओला करा, आणि वर बेकरीवाले वापरतात तो बटर पेपर. रंग त्या कागदावर काढायचा, ओल खालून येत राहते. झाकण लावलं तर काल मिसळलेला रंग आजही चालतो. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी फडकं धुवा, नाहीतर वास येतो आणि बुरशी धरते. दुसरं म्हणजे कूलर. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, त्यामुळे रंग हळू सुकतो, हे चांगलंच. पण झोत थेट पॅलेटवर येत असेल तर सगळा फायदा गेला. भिंतीकडे तोंड करून, झोताला पाठ देऊन बसा. आणि ज्या दिवशी वार्निश करायचं त्या दिवशी कूलर बंद.

कारण तुमच्या ऑगस्टच्या सायीचं मूळ दमटपणातच आहे. स्प्रे वार्निशमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि ते थरात अडकून बसतं. मॅट वार्निश नीट हलवलं नसलं तरी असंच होतं, पण बाराच्या बारा पांढरे झाले म्हणजे पावसाळाच. टाकून देऊ नका. कोरड्या दिवशी ब्रशने चकचकीत, म्हणजे ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या. बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसू लागतो. मग दिवाळीनंतर त्यावर मॅट मारा. मी जून ते सप्टेंबर स्प्रे वार्निशला हातच लावत नाही, ब्रशनेच लावतो.

पॉलिश पेपरसारखे झालेले पुतळे मात्र खरवडायला लागतील. किराणा दुकानातलं डेटॉल घ्या, पाणी न घालता बरणीत ओता आणि पुतळे एक दिवस बुडवून ठेवा. धातू आणि कडक प्लास्टिक दोन्हींना चालतं. हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा, पण घासताना डेटॉलच वापरा. पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट गोळा होऊन परत पुतळ्याला बसतो. सगळा रंग निघाल्यावरच साबणाने धुवा. नखाचा रंग काढायचं अॅसिटोन प्लास्टिकला लावू नका, चेहरा वितळून जाईल.

ब्रशबद्दल तुम्ही विचारलंत की तीन शून्याचा, म्हणजे अगदी बारीक, मागवू का. नको. एवढ्याशा ब्रशमध्ये रंग मावतच नाही, डोळ्यापर्यंत नेईतो टोक सुकतं, आणि आपल्या हवेत तर हमखास. चांगल्या टोकाचा एक नंबर आणि दोन नंबर पुरे. सेबल केसांचा एक ब्रश घ्या, आणि तो ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, कधीही वापरू नका. त्यासाठी शाळेच्या कंपासपेटीतला जुना ब्रश ठेवा. रंग केसांच्या अर्ध्यापर्यंतच न्यायचा, पत्र्याच्या टोपीपर्यंत नाही. ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालू नका, काही रंगद्रव्यं पोटात जाण्यासारखी नसतात.

रंगांसाठी परदेशी ड्रॉपर बाटल्या मागवायलाच हव्यात असं नाही. कॅमलचे आर्टिस्ट अॅक्रिलिक ट्यूब आणि फेव्हिक्रिलच्या बाटल्या तालुक्याच्या स्टेशनरीत मिळतात. ते घट्ट असतात, काही चमकतात, आणि झाकण्याची ताकद रंगागणिक बदलते. पण बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, काळा, पांढरा एवढ्यांत माझं अर्धं सैन्य रंगलंय. लाल, पिवळा आणि धातूचे रंग मात्र मिनिएचरसाठी बनवलेले घ्या. चांदीच्या स्वस्त रंगातली चकाकी एवढी भरड असते की तलवारीला जरीकाम केल्यासारखं वाटतं. रंग किती पातळ हवा? साय काढलेल्या दुधाएवढा. बशीच्या कडेवरून ओघळला पाहिजे आणि मागे पातळ रंगीत पडदा राहिला पाहिजे. एका हातात झाकायचा हट्ट सोडा. दोन पातळ हातांत पुतळ्याचं नाक-डोळं शाबूत राहतं.

आता फौजेकडे येतो. हे उत्तर लिहायला मी उत्साहाने बसलो ते याचसाठी.

१८०३ निवडलंत ते उत्तम, कारण ते युद्ध आपल्या अंगणातलं आहे. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावची लढाई झाली, तेल्हाऱ्याजवळ, तुमच्या गावाहून फार लांब नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्यासमोर नागपूरकर भोसल्यांचं पायदळ होतं, राजाचा भाऊ मन्याबापू त्याचा सेनापती, आणि शिंद्यांचं घोडदळ. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच, आधीच्या असईच्या लढाईत टिकून राहिलेल्या कंपनीच्या तीन देशी पलटणी मागे पळाल्या आणि वेलस्लीला स्वतः त्यांना परत उभं करावं लागलं. मग मराठ्यांकडची एक मोठी तुकडी ७४ आणि ७८ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणींवर चालून गेली आणि जवळजवळ संपूर्ण कापली गेली. वेलस्लीने आपल्या अहवालात ते पर्शियन असावेत असं लिहिलं, प्रत्यक्षात ते भोसल्यांच्या चाकरीतले अरब होते. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या आणि पाठलाग चांदण्यात चालला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तुमचं-माझं गाव त्याच मुलखात आलं.

म्हणून माझं म्हणणं, पहिले आठ सैनिक अरबांचे रंगवा. त्यांना गणवेश नाही, म्हणजे एकाचा रंग दुसऱ्याशी जुळवायचा ताण नाही, आणि पहिल्याच खेळात त्यांना मानाची जागा आहे. पाच-सहा रंग ठरवा: मांजरपाटाचा पांढरा, गेरू, नीळ, फिकट हिरवा, तांबडा, मातकट. हेच रंग प्रत्येक पुतळ्यावर जागा बदलून वापरा. एकाचा फेटा निळा तर दुसऱ्याचा कमरबंद निळा. प्रत्येक माणूस वेगळा दिसतो, तरी तुकडी एक वाटते. मराठा घोडेस्वारांनाही हीच पद्धत.

पांढरा कपडा हा आपल्या फौजांचा सगळ्यांत अवघड भाग, आणि इथं जवळजवळ सगळे घसरतात. थेट पांढरा लावला की पुतळा खडूचा दिसतो. हातमागाचं कोरं कापड पांढरं नसतंच, ते मांजरपाटासारखं पिवळसर असतं. पांढऱ्यात बर्न्ट अंबर आणि कणभर काळा घालून उबदार राखाडी करा, तो सगळीकडे द्या. घड्यांच्या खोलीत तोच रंग थोडा गडद आणि खूप पातळ करून सोडा. मग घड्यांच्या वरच्या अंगावर पांढरा आणि ऑकरचं मिश्रण. निव्वळ पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पेचावर, एकेक रेघ. उन्हात उभ्या माणसाच्या सदऱ्याकडे नीट पाहा, लखलखीत पांढरा किती थोड्या जागेवर असतो ते कळेल.

त्वचेचंही तसंच. "फ्लेश" नावाच्या बाटलीतला गुलाबी रंग आपल्या माणसांना लावायचा नाही. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर समप्रमाणात, त्यात थोडा बर्न्ट अंबर, हा पाया. सावलीसाठी अंबरमध्ये किंचित निळा. उजळ भागासाठी पायाच्या रंगात आणखी ऑकर मिसळा, पांढरा नाही. सावळ्या त्वचेत पांढरा गेला की चेहरा राख फासल्यासारखा होतो. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, हाताची बोटं एवढंच उजळलं तरी तीन हातांवरून, टेबलाच्या पलीकडून, चेहरा जिवंत दिसतो. आणि हे पुतळे तेवढ्या अंतरावरूनच बघायचे असतात. सुरुवातीला बुबुळं काढू नका, भुवईखालची सावली पुरते.

घोड्यांसाठी एक युक्ती, जिच्यात आपलं ऊन उपयोगी पडतं. घोड्याला अॅक्रिलिकचा फिकट नारिंगी-तपकिरी रंग द्या, पूर्ण सुकू द्या. त्यावर बर्न्ट अंबरचा तेलरंग सगळीकडे चोपडा आणि पाच-दहा मिनिटांनी स्पंजने पुसून घ्या. उंचवट्यावरचा निघतो, स्नायूंच्या खाचांत राहतो, आणि घोड्याची कांती तयार. तेलरंग सुकायला थंड देशांत फार दिवस लागतात, आपल्याकडे उन्हाळ्यात खूप लवकर सुकतो. फक्त तेलरंगावर परत पाण्याचा रंग चढवायला घाई नको.

बेससाठी, म्हणजे पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीसाठी, वावरातली काळी माती थेट वापरायचा मोह होईल. मी वापरली आहे. आपली माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते, आणि शेताला पडतात तशाच भेगा तुमच्या बेसला पडतात, मग खपल्या निघतात. त्याऐवजी नदीची बारीक चाळलेली रेती तव्यावर भाजून घ्या, म्हणजे किडे-अंडी राहणार नाहीत. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून ती बेसवर बसवा आणि काळ्या मातीचा रंग रंगानेच द्या: काळा अधिक अंबर, वरून राखाडी-तपकिरी ड्रायब्रश. नारळाच्या शेंडीचे तंतू कापून गवताचे झुबके होतात. आरा मशीनचा भुसा चाळून हिरवा रंगवला की पालापाचोळा. आणि झाडांसाठी पऱ्हाटीपेक्षा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडापेक्षा, चांगलं काही नाही. वेचणी संपल्यावर धुऱ्यावर पडलेल्या पऱ्हाट्यांच्या बारीक फांद्या अगदी बाभळीसारख्या फुटतात, बुंध्याची सालही मापात दिसते. तोडून आठवडाभर उन्हात कडक वाळवा, वर भुसा चिकटवा. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे जुन्या वाणाची ज्वारी उभी असते, तेव्हा टेबलावर ज्वारीचं एक वावर हवंच. केरसुणीच्या काड्या कापून लावा, सैन्य तिच्यात लपतं आणि खेळालाही मजा येते.

साठवणीला आपल्या घरातली पत्र्याची पेटी हेच उत्तर. प्रत्येक बेसखाली छोटं चुंबक चिकटवा, सैनिक पेटीच्या तळाला घट्ट उभे राहतात, एसटीत नेले तरी पडत नाहीत. पण पेटी पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. रेझिनचे आणि मऊ प्लास्टिकचे भाले गरमीत वाकतात. वाकलाच तर गरम पाण्यात धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. घरात भावाची लहान मुलं आहेत म्हणालात, तर चुंबकं मोजून ठेवा. दोन चुंबकं गिळली तर आतडी एकमेकांना चिकटतात, ते जिवावर बेततं. जुने शिशाचे सैनिक कुठं मिळाले तर तेही मुलांच्या हाती देऊ नका, स्वतः हाताळल्यावर हात धुवा, आणि बंद लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडाच्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि पुतळा आतून संपत जातो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, समोर कोण. माझ्याकडेही कोणी नव्हतं. मी दोन्ही बाजू रंगवल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत शेजारची पोट्टी बसवली. नियम एका पानावर लिहिले: चालायचं किती बोटं, फासा किती पडला तर गोळी लागली, कधी तुकडी पळते. मोठी नियमावली नंतर आली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला अडगाव म्हटलं की तो विचारतो, आपलं अडगाव? तिथून पुढे त्याला ओढावं लागत नाही. तुमचे पुतणे अजून लहान असतील तर त्यांच्यापेक्षा मोठी दोन मुलं गल्लीत शोधा, आणि इंग्रजांची बाजू तुम्ही घ्या.

म्हणून नवीन काहीही मागवू नका, आहेत त्या चाळीसांचे पाच भाग करा. आठ अरब पूर्ण करा, बेससकट, वार्निशसकट, आणि मगच पुढचे आठ प्रायमरला घ्या. डेटॉलमधले शेवटी येतील. गच्चीवरच्या स्प्रेसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळ धरून ठेवा, दव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आधी.